उदबत्ती पेटली नव्हती

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तो विषय ठरवूनच. ‘तू सॉफ्टवेअरमधली, तेव्हा एआयवर बोल. आपल्या पोरांना नोकऱ्या मिळणार की नाही ते सांग.’ मी म्हटलं, ते मला कळलं असतं तर आधी माझ्या लेकीला सांगितलं असतं! मला आज दुसरंच बोलायचंय. नववीतलं एक जुनं प्रकरण आहे, आणि त्यात मी आरोपी आहे. वीस मिनिटं द्या. मसालेभाताचा वास मलाही येतोय, त्यामुळे लांबवणार नाही.

दिवाळीत आईकडचा माळा साफ करताना माझं नववीचं विज्ञानाचं जर्नल सापडलं. खाकी कव्हर, त्यावर वाघाचं लेबल, आत उंदरांनी कुरतडलेला एक कोपरा. प्रयोग क्रमांक सात : ‘प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन वायू बाहेर पडतो हे सिद्ध करणे.’ साहित्य, कृती, आकृती. आकृती सुरेख आहे, ते मान्य करायला हरकत नाही. चंचुपात्र, त्यात हायड्रिला, त्यावर उपडं नरसाळं, नरसाळ्याच्या दांडीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. आणि खाली निरीक्षण : ‘परीक्षानळीजवळ निखारा असलेली उदबत्ती नेताच ती भक्कन पेटली.’ बाजूला बाईंची लाल सही. तारीख ऑगस्ट १९९४.

आता तुमच्यापैकी कुणाला आठवतंय बघा. ती उदबत्ती पेटली नव्हती.

पाऊस होता. चार दिवस ऊन नव्हतं. मामांनी नदीकडच्या डबक्यातून हायड्रिला आणली होती, बाईंनी पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला होता, पात्र खिडकीत ठेवलं होतं. अधूनमधून एखादा बुडबुडा यायचा आणि आपण सगळे ‘आला, आला’ म्हणून ओरडायचो. नळीच्या टोकाला जेमतेम नखाएवढा वायू जमला. बाईंनी उदबत्ती नेली, निखारा होता तसाच राहिला, मग ओल्या हवेने विझला. बाई म्हणाल्या, ‘ढग आहेत. ऊन पडलं की पुन्हा करू.’ मग चाचणी आली, मग गणपती आले, आणि जर्नल तपासायला द्यायची तारीख आली. आपण सगळ्यांनी दहावीच्या मुलांचं जर्नल मिळवलं आणि उतरवून काढलं. ‘भक्कन’ हा शब्द मात्र माझा स्वतःचा.

बाईंनी तो शब्द वाचून माझ्याकडे पाहिलं होतं. ‘भक्कन? तू पाहिलंस?’ मी म्हटलं, ‘हो बाई.’ त्या क्षणभर थांबल्या आणि सही केली.

वर्गात एकाच मुलाने लिहिलं होतं, ‘उदबत्ती पेटली नाही. आभाळ होते.’ तो आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचं जर्नल परत येईल, मार्क जातील, म्हणून मोठ्या मनाने मी त्याला माझं जर्नल दिलं आणि खोडरबरही दिलं. त्याने खोडून माझं वाक्य लिहिलं. म्हणजे वर्गातली एकमेव खरी नोंद मी खोडायला लावली.

हे मी विसरून गेले होते. आठवलं ते फार वर्षांनी, नोकरीत.

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर झाले आणि सॉफ्टवेअरमध्ये शिरले. बरीच वर्षं मी स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिले. स्पेक्ट्रोमीटर म्हणजे काय, तर आपण लोलकातून भिंतीवर सात रंग पाडायचो ना, त्याचाच हिशेबी नातू. पदार्थावर प्रकाश टाकायचा आणि त्याने कुठला रंग किती गिळला ते मोजायचं. प्रत्येक पदार्थाची आवड वेगळी, म्हणून गिळलेल्या रंगांवरून पदार्थ ओळखता येतो. २०२१ मध्ये आपण घराघरात बोटाला लावत होतो तो ऑक्सिमीटर हेच करतो. एक लाल प्रकाश, एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त, आणि रक्ताने कुठला किती अडवला त्यावरून ऑक्सिजनचा आकडा. त्या वर्षी आपल्यातले दोघं गेले. त्यांच्या घरच्यांनी तो आकडा रात्र रात्र पाहिला. असो.

तर, आमच्या प्रोग्रॅममध्ये मी एक सोय केली होती. यंत्रातून येणारी रेषा थरथरती असते. तिला आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी देऊन गुळगुळीत करायचं. विक्रीवाल्यांना ती फार आवडली, म्हणून फाइल बाहेर काढताना ती सोय आपोआप चालू राहील असं मी केलं. वर्षभराने युरोपातल्या एका विद्यापीठातून एका संशोधक बाईंची ईमेल आली. फार सभ्य भाषेत त्यांनी विचारलं होतं की, यंत्राच्या पडद्यावर जो छोटा उंचवटा दिसतो तो तुमच्या फाइलमधून जातो कुठे? मी तपासलं. तो उंचवटा मीच पुसत होते. आणि तो थरथराट नव्हता, खराखुरा होता. तीन महिन्यांच्या त्यांच्या कामात तेवढीच गोष्ट महत्त्वाची होती.

मी माफी मागितली, दुरुस्ती पाठवली, आणि सहज विचारलं, नमुना कशाचा होता? उत्तर आलं, ‘पालक.’

बाजारातला पालक! त्याच्या पानांतून हरितलवकांचे तुकडे वेगळे करून त्या प्रयोग क्रमांक सातच करत होत्या. पान पाणी कसं फोडतं आणि ऑक्सिजन कसा सोडतं, हाच प्रश्न. त्या दिवशी मला ‘भक्कन’ आठवलं. तेव्हापासून मी या विषयातलं मिळेल ते वाचत आले. माझी पदवी यातली नाही, हे आधीच सांगते. चुकलं तर बाई समोर आहेतच.

पहिली गोष्ट, ऑक्सिजन येतो कुठून? आपल्या पुस्तकातलं समीकरण आठवा. सहा रेणू कार्बन डायऑक्साइड, सहा रेणू पाणी, त्यातून ग्लुकोज आणि सहा रेणू ऑक्सिजन. पुष्कळांना वाटतं की कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन ठेवून झाड ऑक्सिजन सोडतं. तसं नाही. तो सगळा पाण्यातून येतो. आता हिशेबात पक्क्या असलेल्यांनी लगेच हात वर करावा. सहा रेणू पाण्यात ऑक्सिजनचे अणू सहाच, आणि बाहेर पडणाऱ्या सहा रेणूंना बारा लागतात. मग? खरं समीकरण बारा रेणू पाण्याचं आहे. उजवीकडे सहा रेणू पाणी नव्याने तयार होतं, आणि दोन्ही बाजूंची वजाबाकी करून पुस्तकाने ते लपवलेलं असतं. मला हे चाळिशीत कळलं. १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी शेवाळाला पाजून दाखवलं की बाहेर पडणाऱ्या वायूतल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाशी जुळतं.

त्याआधीची दोन माणसं मला जास्त आवडतात, कारण त्यांची अडचण आपल्यासारखीच होती. वायू इतका थोडा की उदबत्ती पेटत नाही. १८८२ मध्ये एंगेलमान नावाच्या जर्मन माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाचा एक धागा ठेवला आणि लोलकातून त्याच्यावर इवलासा सप्तरंगी पट्टा पाडला. पाण्यात त्याने ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू सोडले होते. ते धाग्याच्या लाल टोकाशी आणि निळ्या टोकाशी गर्दी करून बसले, हिरव्या भागाकडे फारसे फिरकलेच नाहीत. कुठल्या रंगात पान काम करतं ते जिवाणूंनीच नकाशा काढून दाखवलं.

दुसरा केंब्रिजचा रॉबर्ट हिल, १९३७ सालचा. त्याने पानं वाटून हरितलवक वेगळे केले आणि उजेडात ठेवले. ऑक्सिजन ओळखायला त्याने काय घेतलं, तर रक्तातलं हिमोग्लोबिन. ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनच्या वर्णपटात हिरव्या-पिवळ्या भागात दोन काळे पट्टे दिसतात, ऑक्सिजन सोडला की त्यांचा एकच रुंद, पुसट पट्टा होतो. एकाचे दोन झाले की समजायचं, ऑक्सिजन आला. आपल्या ऑक्सिमीटरचा हा थोरला भाऊ. आणि गंमत अशी की त्या मिश्रणात कार्बन डायऑक्साइडपासून साखर होत नव्हती, तरी ऑक्सिजन येत होता. इलेक्ट्रॉन घ्यायला दुसरं कुणी, म्हणजे लोहाचा एक क्षार, हजर असला की पुरे. साखर करणं आणि पाणी फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत हे त्यातून उघड झालं.

आता पाणी फोडणं म्हणजे काय ते सांगते. पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन काढून घ्यायचे, उरलेल्या दोन ऑक्सिजन अणूंची जोडी जमवायची आणि सोडून द्यायची. ऐकायला सोपं. पण पाण्याला फुटायचं नसतं. शिवाय ते अर्धवट फोडलं तर मधल्या पायरीवर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे पदार्थ होतात. जखम धुताना फसफसतं ते हेच. ते पेशीच्या आत सुटले तर पेशीच जाळतील. म्हणून चारही इलेक्ट्रॉनांचा व्यवहार पुरा होईपर्यंत काही बाहेर सुटू द्यायचं नाही. आणि अडचण अशी की प्रकाशाचा एक कण हरितद्रव्यातून एका वेळी एकच इलेक्ट्रॉन उडवतो. म्हणजे वसुली एकेक रुपयाने, आणि पावती मात्र चार रुपये जमल्यावरच.

ही साठवण करणारी जागा पानातल्या एका मोठ्या प्रथिनसमूहात आहे. त्याला फोटोसिस्टिम दोन म्हणतात. त्यात चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंचा एक गठ्ठा. बस. पृथ्वीवरच्या हवेतला जवळजवळ सगळा ऑक्सिजन असल्या गठ्ठ्यांतून आलाय. मँगनीज म्हणजे आपल्या भंडारा-नागपूरकडच्या खाणीतलं. लहानपणी जुने सेल फोडून आपण कार्बनची कांडी काढायचो आणि हात काळेकुट्ट करून घरी मार खायचो, त्या काळ्या पुडीतही मँगनीजच असायचं.

एकेक करून चार जमतात हे कळलं कसं? मला ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. फ्रान्समध्ये पिएर जोलिओ यांनी १९६९ मध्ये हरितलवक अंधारात ठेवले आणि मग त्यांच्यावर कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे अगदी क्षणिक फ्लॅश मारले. प्रत्येक फ्लॅशनंतर किती ऑक्सिजन आला ते मोजलं. पहिल्याला जवळजवळ शून्य. दुसऱ्याला नगण्य. तिसऱ्याला भरपूर. मग कमी, आणि पुन्हा सातव्याला भर, पुन्हा अकराव्याला. दर चार फ्लॅशनी एक उंचवटा, आणि हळूहळू ते उंचवटे सपाट होत जातात.

चारचं चक्र आहे तर पहिला उंचवटा चौथ्याला हवा, तिसऱ्याला का? बेसेल कॉक यांनी १९७० मध्ये उत्तर दिलं. गठ्ठ्याच्या पाच अवस्था धरायच्या, शून्य ते चार. प्रत्येक फ्लॅश एक पायरी वर नेतो, चौथीला पोचलं की ऑक्सिजन सुटतो आणि गाडी पुन्हा शून्यावर. पण अंधारात बसलेले बहुतेक गठ्ठे शून्यावर बसतच नाहीत, एक नंबरच्या पायरीवर बसतात. म्हणून तीनच फ्लॅश पुरतात. आणि काही गठ्ठ्यांचा एखादा फ्लॅश हुकतो, काहींना एकात दोन मिळतात, म्हणून रांग विस्कटत जाते आणि उंचवटे सपाट होतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘स्टेट मशीन’ म्हणतो ते हेच. मँगनीजचा एक अणूही न पाहता, फक्त बुडबुडे मोजून कॉक यांनी ते कागदावर मांडलं. बुडबुडे तर आपणही मोजत होतो!

पण अवस्था कागदावर मांडणं वेगळं आणि त्या गठ्ठ्यात प्रत्यक्ष बदल होताना दिसणं वेगळं. तो पुरावा १९८१ मध्ये आला. डिस्म्यूक्स आणि सिडेरर या दोघांनी पालकाच्या हरितलवकांवर मोजून फ्लॅश मारले आणि ते लगेच गोठवून टाकले, म्हणजे जी अवस्था असेल ती तिथेच थिजली. मग चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या. एकटे पडलेले इलेक्ट्रॉन लोहचुंबकासारखे वागतात आणि ठरावीक ठिकाणी त्या लहरी गिळतात. एकट्या मँगनीजने सहा रेषा दिल्या असत्या. यांना सोळाहून जास्त रेषांची एक कंगव्यासारखी आकृती मिळाली. म्हणजे एकाहून जास्त मँगनीज एकमेकांना धरून बसलेत. आणि ती आकृती पहिल्या फ्लॅशनंतर ठळक, मग फिकी, पुन्हा पाचव्यानंतर ठळक. कॉक यांच्या कागदावरची दुसरी अवस्था रेषांच्या रूपात समोर आली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या गटाने क्ष-किरणांच्या शोषणावरून दोन मँगनीजमधलं अंतरही काढलं, सुमारे २.७ अँगस्ट्रॉम. मिलिमीटरचे एक कोटी भाग करा, त्यातले तीनही नाहीत.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगतेय ते.

एवढं कळल्यावर सगळ्यांना हवा होता गठ्ठ्याचा फोटो. प्रथिनाचे स्फटिक करायचे, त्यांतून क्ष-किरण सोडायचे, ते कसे विखुरतात त्यावरून अणूंच्या जागा काढायच्या. २००१ मध्ये बर्लिनच्या गटाचं पहिलं अंधूक चित्र आलं. २००४ मध्ये लंडनच्या गटाने गठ्ठ्याचा आकार मांडला. तीन मँगनीज आणि कॅल्शियम एका घनाच्या कोपऱ्यांवर, चौथं मँगनीज जरा दूर. मोठी बातमी झाली.

पण २००५ मध्ये बर्कलेच्या जुन्को यानो, विठ्ठल याचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. फोटो काढताना त्या मँगनीजचं काय होत असेल? त्यांनी तशाच स्फटिकांवर तेवढेच क्ष-किरण सोडले आणि सोबत मँगनीजचा वर्णपट घेतला. मँगनीजने किती इलेक्ट्रॉन गमावलेत यानुसार त्या वर्णपटाची कडा पुढेमागे सरकते. कडा घसरत गेली. फोटो पुरा होईस्तोवर बरंचसं मँगनीज मूळ अवस्थेत उरतच नव्हतं. क्ष-किरणांनी त्यात इलेक्ट्रॉन कोंबले होते आणि गठ्ठ्याची घडी मोडली होती. म्हणजे चित्र घेतलं जात होतं ते बघण्यामुळेच बिघडलेल्या वस्तूचं.

मी तो शोधनिबंध दोनदा वाचला. त्यांनी कुणाला खोटं पाडलं नव्हतं. २००४चं चित्र काढणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं, त्यांच्या यंत्राला जे दिसलं ते त्यांनी मांडलं. पण चित्रासोबत वर्णपट नसता तर हे कळलं नसतं. मला माझी ती गुळगुळीत रेषा आठवली. माझ्या प्रोग्रॅमनेही बघताना बघायची वस्तू बदलली होती, फक्त आमच्याकडे ते सांगणारं दुसरं यंत्र नव्हतं. एका बाईंच्या शंकेवर सगळं अवलंबून राहिलं.

पुढे जपानमधल्या शेन आणि कामिया यांच्या गटाने २०११ मध्ये १.९ अँगस्ट्रॉमचं फार स्पष्ट चित्र दिलं. स्फटिक गरम पाण्याच्या झऱ्यातल्या एका जिवाणूच्या प्रथिनाचे, आणि गठ्ठा एका वाकड्या खुर्चीसारखा. त्यांनी क्ष-किरण जपून, कमी वापरले होते. तरी पुन्हा शंका आलीच, कारण काही अंतरं वर्णपटावरून काढलेल्या अंतरांशी जुळेनात. मग उपाय निघाला तो असा, की क्ष-किरणांचा झोत इतका छोटा करायचा की इजा व्हायला वेळच मिळू नये. झोत काही फेम्टोसेकंदांचा. सेकंदाचे दहा लाख भाग, त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी भाग, त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. नमुना उडून जातोच, पण उडण्याआधी त्याची आकृती निघून गेलेली असते. जपानने २०१५ मध्ये असं चित्र घेतलं तेव्हा मँगनीजमधली अंतरं खरोखरच २०११ पेक्षा थोडी कमी भरली.

बर्कलेवाल्यांनी स्टॅनफर्डजवळच्या अशाच यंत्रावर जे केलं त्यावर इंजिनिअर म्हणून माझा जीव आहे. धावत्या पट्ट्यावर स्फटिकांचे थेंब ठेवायचे, ते थेंब टाकायलाही आवाजाच्या लहरी. पट्टा पुढे सरकताना हिरव्या लेझरचे एक, दोन, तीन फ्लॅश, जशी अवस्था हवी तसे, आणि शेवटी क्ष-किरण. म्हणजे जोलिओंचा फ्लॅशचा खेळच, पट्ट्यावर मांडलेला. आणि त्याच झोतात, त्याच क्षणी, स्फटिकाची आकृतीही घ्यायची आणि मँगनीजने सोडलेल्या किरणांचा वर्णपटही. आकृती सांगते अणू कुठे आहेत. वर्णपट सांगतो, मँगनीज शाबूत आहे, आकृतीवर विश्वास ठेवा. फोटोसोबत फोटोचा साक्षीदार. २०१३ मध्ये त्यांनी हे पहिल्यांदा छापलं.

शेवटचा टप्पा अजून झगड्याचा आहे. तिसऱ्या फ्लॅशनंतर सेकंदाच्या काही हजाराव्या भागात ऑक्सिजनची जोडी जमते, आणि तिथे नेमकं काय होतं हे पकडायचंय. २०२३ मध्ये एकाच वेळी दोन निबंध आले. एक बर्कलेच्या गटाचा, त्या क्षणांच्या एकामागून एक चित्रांचा. दुसरा बर्लिनच्या होल्गर दाऊ यांच्या गटाचा, अवरक्त वर्णपटाचा. हा दुसरा प्रकार माझ्या धंद्यातला. अवरक्त प्रकाशाला अणूंमधल्या बंधांची थरथर कळते, त्यामुळे प्रोटॉन कुठून कुठे सरकला ते त्यात उमटतं. अडचण एवढीच की पाणी स्वतःच अवरक्त प्रकाश भसाभस गिळतं, आणि एवढ्या पाण्यात, एवढ्या प्रथिनात, आपल्याला हवा असलेला फरक अगदी किरकोळ. उसाची भरलेली ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर आहे आणि तिच्यावर चिमणी बसली की उडाली हे काट्यावर वाचायचंय, असं समजा. उपाय एकच. फ्लॅशच्या आधी मोजा, नंतर मोजा, वजाबाकी करा, आणि हे पुन्हा पुन्हा करा. थरथराट दहापट कमी करायचा तर मोजणी शंभरपट. यात गुळगुळीत करायची सोय चालत नाही. उंचवटा खरा असेल तर तो शंभराव्या वेळीही तिथेच येतो. त्यांनी दाखवलं की जोडी जमण्याआधी एक प्रोटॉन जागा बदलतो आणि त्याच्याच वाटेत खरी अडकण आहे. जोडी नेमकी कशी जमते यावर अजून वाद चालू आहेत.

याचा उपयोग काय, असं आमच्या घरीही विचारतात. पाण्यापासून हायड्रोजन काढायच्या काही यंत्रांत ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागतं. तो धातू दुर्मिळ आणि महाग. पान तेच काम मँगनीज आणि चुन्यातल्या कॅल्शियमवर करतं. एवढं कारण पुरे आहे. पण खरं सांगायचं तर मी हे वाचते ते हायड्रोजनसाठी नाही.

आता शेवटचं. मेळावा ठरला तेव्हा मी तिसऱ्या रांगेतल्या आपल्या मित्राला फोन केला. त्याला जर्नलचं काहीच आठवत नव्हतं, खोडरबर तर मुळीच नाही. मी सगळं सांगितल्यावर तो खूप हसला आणि म्हणाला, ‘माझ्या शेततळ्यात हायड्रिला एवढी माजलीय की काढून काढून थकलो, पोतं भरून ने.’ जानेवारीत मी त्याच्याकडे तीन दिवस राहिले. ऊन कडक होतं. त्याच्या बायकोने काचेची बरणी दिली, नरसाळं रॉकेलचं होतं ते घासूनपुसून घेतलं, परीक्षानळी मी पुण्याहून नेली होती. सोडा टाकला. सकाळी दहापासून बुडबुड्यांची माळच लागली. तो ते मोजत बसला, त्याची कामं सोडून.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बोटभर वायू जमला. उदबत्तीचा निखारा जरा लालभडक झाला, बस. दुसऱ्या दिवशी नळी तिरकी झाली आणि सगळं निसटलं. तिसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत अर्धी नळी भरली. पाण्यातच अंगठा लावून नळी बाहेर काढली, उलटी केली, त्याने उदबत्ती आत नेली. निखारा पांढरट झाला आणि टोकावर एक बारीकशी ज्योत आली. दोन सेकंद टिकली असेल. पुन्हा नेली तेव्हा नुसता निखारा उजळला, ज्योत नाही. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही.

जर्नल मी बरोबर आणलंय. जुनं वाक्य खोडलेलं नाही. त्याखाली तारीख घालून हे तिन्ही दिवस लिहिलेत, दुसऱ्या दिवशी नळी तिरकी झाली तेसुद्धा. त्याखाली त्याने त्याचं १९९४चं वाक्य पुन्हा लिहिलंय, ‘उदबत्ती पेटली नाही. आभाळ होते,’ आणि पुढे आज सही केलीय. बाई, जेवणानंतर पाच मिनिटं द्या. लाल पेन माझ्याकडे आहे. ‘तू पाहिलंस?’ असं विचारून मगच सही करा.